घराच्या भिंती, सूर्य आणि रंग

पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर काला अंब हे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संग्रामामुळे हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. येथे एके काळी आंब्याचा वृक्ष होता आणि रणभूमीवर सांडलेल्या रक्ताने त्याचा रंग काळवंडला, अशी लोककथा आहे. तो वृक्ष केव्हाच वठला. आता तेथे विटांचा एक स्तंभ असून भोवताली बाग राखलेली आहे. वठलेल्या झाडाच्या लाकडाची दारे करण्यात आली, असेही त्या भागात सांगितले जाते. दर वर्षी जानेवारीत महाराष्ट्रातून अनेक लोक येथे येतात. आपले पूर्वज त्या संग्रामातून वाचलेले मराठे होते असे मानणारा रोड समाजही याच मुलुखात, पानिपत व कर्नाल या जिल्ह्यांत, शेती करून राहतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र युद्ध नव्हे. या मैदानातील गावे आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. जुन्या विटांच्या घरांवर मजले चढत आहेत, अंगणे झाकली जात आहेत, गुरांच्या गोठ्याच्या जागी मुलांच्या अभ्यासाची खोली होत आहे. अशा वेळी घरमालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. कोणती खोली कोणत्या बाजूस असावी, आणि कोणत्या भिंतीस कोणता रंग द्यावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः गवंडी देतो व दुसऱ्याचे रंगाच्या दुकानातील नमुन्यांची पुस्तिका. दोघांचेही उत्तर अपुरे असते, कारण त्यात सूर्याचा विचार केलेला नसतो. मे महिन्यात जेथे पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि जानेवारीत जेथे धुक्याने दिवस काळवंडतात, तेथे हा विचार चैनीचा नाही. वृद्धांना व तान्ह्या मुलांना रात्री झोप लागते की नाही, हे त्यावर ठरते.

सूर्याचा मार्ग

पानिपत विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २९.४ अंशांवर आहे, पुणे १८.५ अंशांवर. नकाशावर हा फरक लहान दिसतो, परंतु घर बांधणाऱ्यासाठी तो महत्त्वाचा आहे. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि जूनच्या उत्तरार्धात मध्यान्ही तो किंचित उत्तरेकडे गेलेला असतो. पानिपतला असे कधीच घडत नाही. २१ जूनला मध्यान्ही तो क्षितिजापासून ८४ अंश उंचीवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर, तरीही दक्षिणेकडेच. २१ डिसेंबरला ही उंची केवळ ३७ अंश असते. त्याच दिवशी पुण्यात ती ४८ अंश असते. संग्रामाच्या दिवशी, १४ जानेवारीला, मध्यान्हीची उंची सुमारे ३९ अंश असते. त्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलल्यावर मराठी सैन्याच्या डोळ्यांवर ऊन आले, असे इतिहासकथनांत वारंवार सांगितले जाते. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला हिवाळ्यातील हे तिरपे ऊन चुकवता येत नाही. दक्षिणेकडे तोंड केलेल्या घरालाही येत नाही. पण घराला ते हवेच असते.

आणखी एक गोष्ट. सूर्य पूर्वेस उगवतो हे वाक्य वर्षातील दोन दिवसांपुरतेच काटेकोर खरे आहे. पानिपतला जूनअखेरीस तो पूर्वबिंदूपासून २७ अंश उत्तरेकडे उगवतो व तितकाच उत्तरेकडे मावळतो. डिसेंबरअखेरीस तितकाच दक्षिणेकडे. उन्हाळ्यातील दिवस सुमारे चौदा तासांचा, हिवाळ्यातील दहाचा. यामुळे उत्तरेची भिंत, जिला सावलीची भिंत समजले जाते, तिच्यावरही जूनमध्ये सकाळी व संध्याकाळी तिरपे ऊन पडते.

आता एक खिडकी घेऊ. तिची उंची १.२ मीटर आहे आणि तिच्या माथ्यालगत भिंतीतून ४५ सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे. ही खिडकी दक्षिणेच्या भिंतीत असेल, तर जूनच्या मध्यान्ही छज्ज्याची सावली चार मीटरांहून अधिक खाली जाते. संपूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरच्या मध्यान्ही तीच सावली फक्त ३४ सेंटिमीटर उतरते आणि खिडकीच्या उरलेल्या ८६ सेंटिमीटर भागातून ऊन खोलीत येते. उन्हाळ्यात बंद व हिवाळ्यात खुला असा हा पडदा कोणी ओढावा लागत नाही. तीच खिडकी, तोच छज्जा, पश्चिमेच्या भिंतीत नेला तर काय होते? जूनमध्ये सूर्यघड्याळाच्या चार वाजता सूर्य सुमारे ३६ अंशांवर, जवळजवळ समोर असतो. सावली पुन्हा ३४ सेंटिमीटर आणि ऊन ८६ सेंटिमीटर. डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या खिडकीतून जेवढे ऊन हवेसे वाटते, तेवढेच ऊन जूनमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून नकोसे होऊन आत येते. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही. तिला बाहेरून उभे आडोसे, जाळी, चिकाचा पडदा किंवा झाड लागते. पडदा आतल्या बाजूस लावल्याने फारसे साधत नाही, कारण तोपर्यंत उष्णता काचेच्या आत आलेली असते.

मांडणी

समजा, काला अंबच्या परिसरातील एका घराचे दार पश्चिमेच्या रस्त्यावर आहे. पुढे पुरुषांची बैठक, तिच्या शेजारी पश्चिमेलाच झोपण्याची खोली, मध्ये अंगण, मागे पूर्वेला कोठार व मोरी, आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात स्वयंपाकघर. अशी मांडणी या भागात विरळ नाही. रस्त्याकडची बाजू प्रतिष्ठेची मानली जाते आणि चांगल्या खोल्या तिकडे जातात.

विटांची २३ सेंटिमीटर जाडीची भिंत तापली की तिची उष्णता आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास साधारण सहा-सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चार वाजता पडलेले ऊन रात्री दहा-अकराच्या सुमारास खोलीत उतरते, नेमके कुटुंब अंथरुणावर पडते तेव्हा. पंखा अशा खोलीत गरम हवाच फिरवतो. पूर्वेच्या भिंतीची गोष्ट उलट आहे. सकाळचे ऊन तिच्यातून दुपारी आत येते. तेव्हा झोपण्याची खोली बहुधा रिकामी असते आणि रात्रीपर्यंत भिंत निवते.

म्हणून वरील घराच्या दुरुस्तीत पहिला बदल असा सुचतो की झोपण्याची खोली पूर्वेकडे न्यावी, आणि कोठार, जिना, न्हाणीघर यांना पश्चिमेकडे आणावे. ज्या खोल्यांत माणूस थोडाच वेळ थांबतो त्यांनी उन्हाचा मारा अंगावर घ्यावा, ही या मांडणीची कल्पना. बैठक रस्त्यालगत राहिली तरी चालेल, परंतु तिच्यापुढे खोल ओसरी हवी. अभ्यासाची खोली उत्तरेस असावी. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही व पुस्तकाच्या पानावर उन्हाची तिरीप येत नाही. दक्षिणेची बाजू हिवाळ्यात बसण्या-उठण्यासाठी, आजारी माणसासाठी, धान्य निवडण्यासाठी राखावी.

स्वयंपाकघराचा विचार वाऱ्यावरून करावा लागतो. उन्हाळ्यात येथे पश्चिमेकडून लू वाहते. चूल नैर्ऋत्येस असल्यास तिची आच व धूर सर्व घरातून प्रवास करून बाहेर पडतात. ती पूर्वेकडे नेल्यास सकाळचा उजेड मिळतो आणि धूर घराबाहेर जातो. पावसाळ्यात वारा बव्हंशी पूर्वेचा होतो, तेव्हा मात्र ही व्यवस्था उलटते. म्हणून चुलीच्या वर धुराडे अथवा हवा बाहेर फेकणारा पंखा असणे इष्ट. गॅसच्या शेगडीलाही हे लागू आहे, कारण तिचा धूर दिसत नसला तरी तळणीची वाफ व ज्वलनाचे वायू असतातच.

स्वयंपाकघर किती मोठे असावे, यापेक्षा त्यात किती पावले चालावी लागतात हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेट श्युट-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते जेमतेम साडेसहा चौरस मीटरांचे होते. गृहिणीच्या हालचालींचा अभ्यास करून त्यांनी ओटा, पाणी व साठवण यांच्या जागा ठरवल्या होत्या. त्यांचा आराखडा जसाच्या तसा येथे चालणार नाही. दूध तापवणे, ताक घुसळणे आणि वर्षाचे धान्य ठेवणे ही कामे फ्रँकफुर्टच्या गृहिणीला नव्हती. परंतु पावले मोजण्याची पद्धत चालते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने, जी प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व जिची सुधारित आवृत्ती २०१६ ची आहे, स्वयंपाकघरासाठी किमान ५ चौरस मीटर, राहण्याच्या मुख्य खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर आणि छताची उंची किमान २.७५ मीटर सांगितली आहे. ही मापे किमान आहेत, आदर्श नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे.

सर्व फेरबदल प्रथम कागदावर करावेत. एका मीटरला दोन सेंटिमीटर या प्रमाणात घराचा आराखडा काढावा, खाट, कपाट, टेबल यांचे त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत आणि ते सरकवून पाहावेत. दार उघडताना खाटेला अडते हे पुठ्ठ्यावर कळले तर काही खर्च होत नाही. शाळेतील मुलांना हे काम उत्तम जमते आणि त्यांची भूमितीही पक्की होते.

एक सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक आहे. खांब-तुळयांचा सांगाडा नसलेल्या जुन्या घरात जाड भिंती छताचा भार वाहतात. बैठक मोठी करण्यासाठी अशी भिंत पाडणे, किंवा तीत रुंद दार फोडणे, धोक्याचे आहे. त्यातून दिल्ली-पानिपतचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त नाही. आडोशाची पातळ भिंत व भार वाहणारी भिंत यांतील फरक अभियंत्याने प्रत्यक्ष पाहून सांगावा. केवळ जाडीवरून अंदाज करू नये.

बाहेरचा रंग

रंगाच्या बाबतीत बहुतेक गोंधळ एका गोष्टीमुळे होतो. घराच्या बाहेरील रंगाचे काम वेगळे आणि आतील रंगाचे वेगळे. बाहेरचा रंग किती उष्णता आत येणार हे ठरवतो. आतला रंग किती उजेड उरणार हे ठरवतो. निळ्या रंगाची खोली थंड व तांबड्या रंगाची गरम अशी समजूत रूढ आहे. मनाला तसे वाटत असेल, पण भिंतीवर टांगलेला उष्णतामापक दोन्ही खोल्यांत तोच आकडा दाखवील.

बाहेरच्या बाजूस मात्र फरक खरा आहे. नुकत्याच दिलेल्या चुन्याच्या सफेदीवरून उन्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत फिरतो. उघड्या राखाडी काँक्रीटवरून साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी, आणि काळ्या डांबरी लेपावरून जेमतेम विसावा भाग. उरलेली ऊर्जा पृष्ठभाग शोषतो. उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन छतावर पडते, कारण सूर्य जवळजवळ त्याच्या माथ्यावर असतो. काळसर छत दुपारी भोवतालच्या हवेहून वीस अंशांनीही अधिक तापू शकते. चुना फासलेले छत हवेच्या तापमानाच्या पुष्कळ जवळ राहते.

येथे एक शंका येईल. जस्ताचा चकचकीत पत्राही प्रकाश परत फेकतो, मग तो एवढा का तापतो? उत्तर असे की पृष्ठभाग दोन मार्गांनी थंड राहतो. तो ऊन परावर्तित करतो, आणि शोषलेली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडतो. चुना दोन्ही कामे चांगली करतो. उघडा धातू दुसरे काम फार वाईट करतो. गोठ्याच्या पत्र्यावर पांढरा लेप दिल्यास जनावरांनाही आराम मिळतो तो यामुळेच.

अहमदाबाद शहरात २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील घरांच्या छतांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, आणि तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये थंड छतांविषयीचे धोरण जाहीर केले. खर्चाच्या मानाने याहून लाभदायक उपाय सामान्य घरासाठी क्वचितच सापडेल. पांढरे छत हिवाळ्यातील ऊनही परत फेकते हे खरे. परंतु तेव्हा सूर्य खाली असतो, दिवस आखूड असतो, आणि ही तूट दक्षिणेच्या खिडक्या भरून काढू शकतात. खरी अडचण धुळीची आहे. या मैदानात सफेदी एका वर्षात मळते, म्हणून दर उन्हाळ्याच्या आरंभी छत धुऊन नवा हात द्यावा लागतो. चुना ताजा विरवलेला व गाळलेला असावा. त्यात थोडा डिंक किंवा सरस घातल्यास तो हाताला लागत नाही. लावलेला चुना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो.

आतला रंग

खिडकीतून आलेला उजेड एकदा भिंतीवर पडून संपत नाही. तो एका भिंतीवरून दुसरीवर, तेथून छतावर, असा उसळत राहतो आणि प्रत्येक वेळी त्याचा काही अंश शोषला जातो. चारी भिंती, छत व जमीन मिळून सरासरी ८० टक्के प्रकाश परत देत असतील, तर सर्व उसळ्यांची बेरीज मूळ प्रकाशाच्या पाचपट होते. हे प्रमाण ५० टक्के असेल तर दुप्पट, आणि २० टक्के असेल तर केवळ सव्वापट. प्रत्यक्ष खोलीत खिडकी, दार, कपाट व कपडे बराच प्रकाश गिळतात, त्यामुळे पाचपट कधीच मिळत नाही. तरीही या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. गडद भिंत थोडी फिकट केल्याने विशेष फरक पडत नाही. फिकट भिंत आणखी फिकट केल्याने उजेड झपाट्याने वाढतो.

पांढरा रंग सुमारे ८० टक्के प्रकाश परत देतो, मलईचा ७०, फिकट पिवळा त्याच्या आसपास, फिकट हिरवा ५० च्या आसपास, आणि गडद तपकिरी वा लाल रंग १० ते १५. छत सदैव पांढरे ठेवावे याबद्दल दुमत नसावे. अंगण झाकल्यामुळे अंधारलेल्या मधल्या खोलीला मलईचा किंवा फिकट पिवळा रंग द्यावा. उत्तरेच्या खोलीत आकाशाचा निळसर उजेड येतो. तेथे पिवळसर छटा उजेडाची उणीव भरून काढते, तर निळा रंग खोलीला उदास करतो. दक्षिण व पश्चिम बाजूंच्या प्रखर उजेडाच्या खोल्यांत पांढरा रंग डोळे दिपवतो. तेथे फिकट हिरवा किंवा करडा बरा. ज्या भिंतीत खिडकी आहे ती भिंत विशेष फिकट असावी, अन्यथा उजळ खिडकी व काळोखी भिंत यांच्यातील विरोधाने डोळे थकतात.

पानिपतच्या घरांत आणखी एका गोष्टीचा विचार हवा. हे शहर सतरंज्या, घोंगड्या, गालिचे व पडद्यांच्या कापडाचे मोठे केंद्र आहे; १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी या धंद्याला मोठा हातभार लावला. येथील खोलीचा रंग भिंतीइतकाच जमिनीवरील सतरंजीने ठरतो. विणकामातील रंगांचा नियम शोधला गेला तोही एका विणकामाच्या कारखान्यात. मिशेल शेव्रूल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या सुताचा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासणी केली तेव्हा रंग चांगलाच असल्याचे दिसले. शेजारी निळे व जांभळे सूत विणल्यामुळे काळा रंग मलूल भासत होता. लगतचे दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. लाल सतरंजीशेजारी करडी भिंत किंचित हिरवट दिसू लागते, याचे कारण हेच.

यास्तव रंगाची निवड नमुन्याच्या बोटभर चौकोनावरून करू नये. त्याच भिंतीवर हातभर लांब-रुंद पट्टा रंगवावा, शेजारी घरातील सतरंजी व पडदा धरावा, आणि तो सकाळी, दुपारी व रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा. पिवळसर दिव्याखाली जो रंग उबदार दिसतो तो निळसर पांढऱ्या दिव्याखाली मळका दिसू शकतो. शिवाय चारी भिंती रंगल्यावर रंग पट्ट्यापेक्षा अधिक गडद भासतो, कारण उसळणारा प्रकाश दर वेळी त्याच रंगात बुडून येतो. मनात असेल त्याहून एक छटा फिकट घेतलेली बरी.

जुना रंग खरवडताना

नव्या रंगापेक्षा जुना रंग अधिक काळजीने हाताळावा लागतो. तेलरंगांत पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांत. शेंदूर हे शिशाचेच एक संयुग होय. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते आणि त्याची निर्धोक मात्रा ज्ञात नाही. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असे बंधन आहे. परंतु त्यापूर्वी रंगवलेली दारे, खिडक्यांची चौकट व लोखंडी गज अजून घरोघर आहेत. अशा पृष्ठभागावर कोरडा घासकागद चालवू नये व दिव्याच्या ज्योतीने रंग जाळू नये. पाणी शिंपडून खरवडावे, खाली जाड कागद अंथरावा, काम चालू असता मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, शेवटी ओल्या फडक्याने जमीन पुसावी. खरवड शेतात किंवा चुलीत टाकू नये. जुना थर घट्ट बसलेला असेल, तर तो न छेडता त्यावरच नवा हात देणे सुरक्षित असते.

नव्या गिलाव्याला पाणी सुकण्यास अवधी द्यावा लागतो. ओल्या भिंतीवर तेलरंग लावल्यास आतील वाफ त्याला फुगे आणते व काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. काला अंबच्या परिसरात पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो आणि दाट धुके बहुधा डिसेंबरात उतरते. या दोहोंमधले कोरडे आठवडे रंगकामाला उत्तम. चुन्याच्या सफेदीला मात्र इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. ती किंचित ओलसर भिंतीवरच चांगली धरते आणि छतासाठी तिची वेळ होळीनंतरची, लू सुरू होण्यापूर्वीची.